कधीच न उडालेली याने

दप्तर जळाले म्हणजे इतिहास आंधळा होतो, हे मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. पण एखाद्या निर्मात्याने आपणच घडविलेल्या वस्तू आणि त्यांचे नकाशे काम संपताच आपणच नष्ट करावेत, आणि पुढे त्याच वस्तूंचा माग इतरांनी काढीत बसावे, हा प्रकार विरळाच म्हटला पाहिजे. चित्रपटाच्या इतिहासात तो घडला आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांचा '२००१: ए स्पेस ओडिसी' हा चित्रपट १९६८ साली प्रदर्शित झाला. त्यात गुरू ग्रहाकडे निघालेले 'डिस्कव्हरी' नावाचे एक लांबलचक यान आहे. पडद्यावर ते अवाढव्य भासते. प्रत्यक्षात ती सुमारे ५४ फूट लांबीची एक प्रतिकृती आणि सुमारे १५ फुटांची दुसरी, अशी जोडी होती. आपली याने पुढे कोणा भलत्याच चित्रपटात हिंडताना दिसू नयेत, म्हणून कुब्रिक यांनी प्रतिकृती आणि आरेखने यांतील बहुतेक सारे मोडून टाकविले.

पुढे १९८४ साली पीटर हायम्स यांचा '२०१०' हा चित्रपट आला. कथा पहिल्याच चित्रपटाची पुढे चाललेली, कंपनीही तीच मेट्रो-गोल्डविन-मेयर, आणि यानही तेच दाखवावयाचे. पण कंपनीच्या पदरी ना यान उरले होते, ना त्याचा नकाशा. अखेर कारागिरांनी जुन्या फिल्मवरील चौकटी मोठ्या करून घेतल्या, त्यांवरून मापे काढली आणि 'डिस्कव्हरी' पुन्हा उभे केले. मालकालाच स्वतःच्या वस्तूचे उत्खनन करावे लागले!

त्या कारागिरांनी लाकूड, धातू आणि प्लॅस्टिक यांत जे केले, तेच आज जगभरचे हौशी लोक संगणकावर करीत आहेत. गाजलेल्या चित्रपटांतील याने आणि वाहने ते खिळ्याखिळ्यानिशी घडवितात आणि एकेका यानावर वर्षेच्या वर्षे घालवितात. पाहणाऱ्याला हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. माझ्या मते मात्र हे इतिहासकाराचेच काम आहे. आणि इतिहासकाराला जे धोके असतात, ते सारे येथेही आहेत.

या कलेचा उगम पाहू गेल्यास तो मोठा साधा आहे. १९७२ साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात इव्हान सदरलँड यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या घरची फोक्सवॅगन बीटल मोटार घेतली, तिच्या पत्र्यावर रेघा आखल्या, एकेक बिंदू मोजपट्टीने मोजला आणि ती मापे संगणकाला दिली. मोटारीचा गोंडस, वाटोळा देह सपाट बहुकोनी तुकड्यांत विभागला गेला. पद्धत कितीही सुधारली, तरी तत्त्व तेच राहिले: आधी माप, मग बिंदू, मग पृष्ठ. १९८४ सालच्या 'द लास्ट स्टारफायटर' या चित्रपटात ही वाट उलटी झाली. रॉन कॉब यांच्या आरेखनांवरून घडविलेली लढाऊ याने प्रथमपासून क्रे एक्स-एमपी या महासंगणकातच जन्मली. त्या काळी हे साधन धनिक कंपन्यांनाच परवडे. पुढे घरगुती संगणक समर्थ झाले, आणि २००२ साली 'ब्लेंडर' ही प्रणाली सर्वांना मोफत खुली झाली. मग साधन घरोघर पोचले. प्रश्न उरला तो पुराव्याचा.

कारण बीटल मोटार दारात उभी होती. शंका आली की जाऊन पुन्हा मोजावी. 'डिस्कव्हरी' कोठे मोजणार? हाती असते ती फक्त चित्रफीत, आणि चित्रफीत ही मोठी चतुर साक्षीदार आहे. ती खोटे बोलत नाही, पण भिंगाच्या सोयीने बोलते. समांतर रेषा तिच्यात एकवटत जातात, वर्तुळे लंबगोल होतात. म्हणून हौशी कारागीर आधी कॅमेरा कोठे होता आणि भिंग कोणते होते, हे उलट गणिताने काढतो आणि नंतरच यानाला हात लावतो. साक्ष घेण्यापूर्वी साक्षीदार कोठे उभा होता हे विचारावे, तसेच हे.

याहून चमत्कारिक पुरावा 'स्टार वॉर्स'च्या यानांवर सापडतो. १९७७ सालच्या त्या चित्रपटातील 'मिलेनियम फाल्कन' या यानाची मुख्य प्रतिकृती सुमारे पाच फुटांची होती. तिच्या अंगावर जे असंख्य नळ, झडपा आणि चौकोन दिसतात, ते कारागिरांनी बाजारात मिळणारे रणगाड्यांचे, मोटारींचे आणि विमानांचे जुळणीचे संच फोडून चिकटविले होते. आजचे अभ्यासक छायाचित्रात एखादे उंचवटे पाहून ते कोणत्या रणगाड्याच्या कोणत्या भागाचे आहे, हे ओळखतात. आणि जुना संच मिळवून तो तुकडा मोजतात. एका तुकड्याचे खरे माप कळले, की शेजारच्या दहा वस्तूंचे माप त्यावरून निघते. उत्खननात सापडलेल्या नाण्याने साऱ्या थराचा काळ ठरावा, त्यातलाच हा प्रकार.

पण पुरावे वाढले की विसंगतीही वाढतात. 'फाल्कन'चा पूर्णाकृती देखावा पहिल्या चित्रपटासाठी अर्धाच बांधला होता, आणि यान तीन पायांवर उभे होते. १९८० सालच्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'साठी वेल्समधील पेम्ब्रोक डॉक येथे ते पूर्ण बांधले गेले, तेव्हा पाय पाच झाले. त्याच चित्रपटासाठी ३२ इंचांची नवी प्रतिकृतीही झाली. मग खरे 'फाल्कन' कोणते? 'डिस्कव्हरी'ची अडचण तर याहून बिकट. यानाच्या पुढील गोलात अंतराळवीर ज्या फिरत्या चक्रात राहतात, त्याचा देखावा व्हिकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीने ३८ फूट व्यासाचा बांधला होता. ते चक्र, नियंत्रणकक्ष आणि तीन छोटी याने ठेवण्याची प्रशस्त खोली, हे सारे बाहेरून दिसणाऱ्या एकाच गोलात बसवू गेल्यास जागेची ओढाताण होते. बाहेरचे यान एका खोलीत झाले, आतले दुसरीकडे. दोघांची गाठ पडली ती फक्त प्रेक्षकाच्या मनात.

येथे कारागिराच्या सचोटीची परीक्षा आहे. गोल थोडा फुगवावा, चक्र थोडे आवळावे, म्हणजे सारे नीट बसते आणि चित्र देखणे होते. तसे करण्यात पाप नाही. ते सांगितले नाही तर मात्र आहे. कारण अशी सुबक प्रतिकृती एकदा प्रसिद्ध झाली, की पुढचा अभ्यासक फिल्मकडे जाण्याचे कष्ट घेत नाही. तो तिचीच मापे उचलतो, त्याच्यावरून तिसरा. काल केलेले अनुमान अशा रीतीने उद्याचा पुरावा बनते. आपल्या इतिहासलेखनातही एका बखरकाराची कल्पना दुसऱ्याच्या लेखी प्रमाण झाल्याची उदाहरणे काय थोडी आहेत? म्हणून यातील उत्तम कारागीर आपल्या कामाबरोबर टिपण ठेवतात: हे मोजलेले, हे ताडलेले, हे केवळ माझे. मला ते टिपण प्रतिकृतीहून मोलाचे वाटते.

कधी कधी नशीब मूळ वस्तूच परत देते. कुब्रिक यांच्या चित्रपटातील चंद्रावर उतरणाऱ्या 'एरीज' यानाची प्रतिकृती त्या संहारातून वाचली होती. २०१५ साली ती लिलावात आली आणि अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने ३,४४,००० डॉलर देऊन ती घेतली. अशी वस्तू समोर आली, की ज्याने टिपण ठेवले आहे त्याला आपली चूक नेमकी कोठे झाली हे शोधता येते. ज्याने ठेवले नाही त्याला फक्त चकित होता येते.

यापुढे तर पुष्कळशी चित्रपटयाने संगणकातच जन्मणार व तेथेच राहणार. त्यांना मोडावयास हातोडा लागत नाही. ज्या प्रणालीत ती घडली ती वापरातून गेली, की ती आपोआप मुकी होतात. कुब्रिक यांनी जे हट्टाने केले ते उद्या निव्वळ दुर्लक्षाने होईल. तेव्हा जपावयाचे ते केवळ यानाचे चित्र नव्हे, तर त्याची मापे आणि ती कशी मिळाली याची हकीकत. जे यान कधी उडालेच नाही त्याच्याविषयीही खरे बोलता येते, आणि खोटेही; निवड प्रत्येक वेळी करणाऱ्याच्या हाती असते.