पुरुषांच्या मैदानात बाई : गोल्फमधला एक जुना वाद

गेल्या वर्षी गणेशोत्सवातल्या कॅरम स्पर्धेच्या नावनोंदणीला आम्ही बसलो होतो. अकरावीतली एक मुलगी आली. सलग दोन वर्षे महिला गटाचे बक्षीस तिनेच नेलेले. पण त्यात तिला तरी काय गंमत, महिला गटात नावे येतात जेमतेम पाच-सहा. म्हणाली, "काका, यंदा माझं नाव पुरुष गटात घाला ना." आम्ही सवयीने सांगून टाकले, "बेटा, नियमात बसत नाही." ती काही न बोलता महिला गटात नाव लिहून निघून गेली. घरी आल्यावर नियमांचा कागद काढून पाहिला. मुलींनी पुरुष गटात खेळू नये असे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते. फॉर्मवर दोन चौकोन होते, एवढेच. इतकी वर्षे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कागदावर नसलेला नियम तोंडपाठ असावा, याचे आमचे आम्हालाच हसू आले आणि थोडी लाजही वाटली.

तेव्हापासून या प्रश्नाचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचत गेलो. त्यात सर्वांत जास्त गाजलेले प्रकरण निघाले गोल्फचे. गोल्फ हा काही आपला खेळ नव्हे. आपल्या बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात प्रतापसिंह महाराजांनी १९३०च्या दशकात युरोपियन पाहुण्यांसाठी गोल्फचे मैदान करवले, ते आम्ही एकदा एका लग्नाच्या रिसेप्शनला गेलो असताना लांबून पाहिले, इतकाच आमचा संबंध. पण खेळ समजायला सोपा आहे. ज्याला कमीत कमी फटके लागतील तो जिंकला. मोठी स्पर्धा चार दिवसांची, रोज अठरा होल. पहिल्या दोन दिवसांनंतर एक रेषा ओढतात, तिला 'कट' म्हणतात; रेषेच्या खाली राहिलेले घरी जातात. आणि प्रत्येक होलचा पहिला फटका जिथून मारायचा त्या जागेला 'टी' म्हणतात. स्त्रियांची टी बहुधा पुढे, म्हणजे होलच्या जवळ असते. सगळे भांडण खरे म्हणजे या चार पावलांच्या जागेचे आहे, हे पुढे दिसेलच.

सुरुवात करावी लागते ती बेब डिड्रिक्सनपासून. टेक्ससमधल्या पोर्ट आर्थरची ही मुलगी. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भालाफेक आणि ८० मीटर अडथळ्यांची शर्यत यांत तिने सुवर्णपदके घेतली, उंच उडीत रौप्य. नंतर गोल्फकडे वळली. १९३८ साली लॉस एंजेलिस ओपन या पुरुषांच्या स्पर्धेत ती उतरली. कट काही पार झाला नाही, पण तिच्याच गटात खेळायला जॉर्ज झहारियस नावाचा एक पैलवान होता, त्याच्याशी त्याच वर्षी लग्न झाले. म्हणजे दौरा अगदीच वाया गेला नाही.

स्पर्धेच्या नावातल्या 'ओपन' या शब्दाने वाचकांची फसगत होऊ नये. ओपन म्हणजे हौशी आणि व्यावसायिक दोघांना खुली, एवढाच त्याचा मूळ अर्थ. बायकांचा विचार तो शब्द ठरवताना कुणी केला नव्हता. न आत घेण्यासाठी, न बाहेर ठेवण्यासाठी. बेब त्या फटीतून आत शिरली. आमच्या फॉर्मवरच्या चौकोनांसारखेच हे.

१९४५च्या जानेवारीत ती पुन्हा आली, आणि या खेपेला तयारीने. लॉस एंजेलिसला तिने आधी ३६ होलांची पात्रता फेरी खेळून जागा मिळवली. मुख्य स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांचा कट पार केला. तिसऱ्या दिवशीही तिथे आणखी एक कट होता, त्यात गळाली. मग फिनिक्स ओपनला चारही दिवस खेळली, ७७, ७२, ७५, ८० असे फटके घेतले आणि तेहतिसावी आली. टुसॉनलाही पात्रता फेरीतूनच शिरली आणि शेवटपर्यंत टिकून बेचाळिसावी आली. पुरुषांच्या टीवरून, पुरुषांच्या अंतरावर. अमेरिकेतल्या पुरुषांच्या मुख्य दौऱ्यावरच्या स्पर्धेत कट पार केलेली ती एकमेव स्त्री आहे. त्याला आठ दशके होऊन गेली.

याच बेबबद्दल न्यूयॉर्कच्या एका क्रीडा पत्रकाराने लिहिले होते की अशा बायकांनी घरी नटूनथटून बसावे आणि फोनची वाट पाहावी. तिने फोनची वाट पाहिली नाही. १९५० साली तिने आणि आणखी बारा जणींनी मिळून स्त्रियांची व्यावसायिक संघटना, एलपीजीए, उभी केली. कारण सरळ होते: स्त्रियांच्या व्यावसायिक स्पर्धा इतक्या थोड्या होत्या की त्यांवर कुणाचे पोट भरणे शक्य नव्हते. १९५४ला कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर बेबने स्त्रियांची यूएस ओपन बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली. १९५६ला ती गेली, वय ४५.

त्या तेरा जणींमधलीच लुईस सग्ज. १९६१ साली फ्लोरिडात पाम बीचला एक स्पर्धा झाली, तिचे मैदान आखूड होते. प्रत्येक होल तीन फटक्यांत संपवायचा हिशेब. तिथे लांब फटका मारणाऱ्या दंडाला काही किंमत नव्हती. हात, नजर आणि डोके यांचेच काम होते. स्त्री-पुरुष एकत्र खेळले आणि सग्ज जिंकली. हरलेल्यांत सॅम स्नीड होता, त्या काळातला पहिल्या फळीतला पुरुष खेळाडू. आम्ही डिप्लोमावाले, साखळ्या आणि टेप घेऊन रस्ते मोजत आयुष्य गेले; आम्हाला ही गोष्ट सर्वांत जास्त पटली. बाई कमी की पुरुष जास्त, हे मैदानाची लांबी काय आखली आहे त्यावर ठरते, आणि लांबी आखणारे तर नेहमी एकाच बाजूचे.

जाता जाता एक सांगायला हवे. त्याच १९६१ सालापर्यंत अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेत चक्क लेखी कलम होते की सभासद गौरवर्णीयच असावा. चार्ली सिफर्डसारख्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या झगड्यानंतर ते निघाले. तेव्हा खेळाच्या परंपरेचे, पावित्र्याचे दाखले कुणी दिले की ते दाखले कुठकुठे वापरून झाले आहेत हेही पाहावे.

मग बरीच वर्षे शांतता. २००३च्या मे महिन्यात टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला कलोनियल स्पर्धेत अनिका सोरेनस्टाम उतरली, तेव्हा बेबनंतर ५८ वर्षे झाली होती. स्वीडनची ही बाई तेव्हा स्त्रियांच्या गोल्फमध्ये इतकी पुढे होती की २००२ या एका वर्षात तिने एलपीजीएच्या अकरा स्पर्धा जिंकल्या होत्या. पुरुषांशी खेळून आपले पाणी जोखावे असे तिला वाटले. गदारोळ झाला. विजय सिंग हा फिजीचा, भारतीय वंशाचा नामवंत खेळाडू. तो म्हणाला की तिची जागा इथे नाही आणि तिचा कट चुकावा. ऊस तोडायला फिजीला गेलेल्या आपल्या लोकांच्या वंशजाने 'तुझी जागा इथे नाही' म्हणावे, याचे आम्हाला वाईट वाटले. पण त्याच्या तक्रारीतला अर्धा भाग खरा होता, तोही सांगितला पाहिजे. सोरेनस्टाम पात्रता फेरी खेळून आली नव्हती. प्रायोजकांच्या हातात ठेवलेल्या जागांपैकी एक तिला देण्यात आली होती. ती जागा एखाद्या धडपडणाऱ्या पुरुष खेळाडूला मिळाली असती, असे त्याचे म्हणणे. उरलेला अर्धा भाग असा की त्या जागा प्रायोजक आपल्या मर्जीने नेहमीच वाटत आले होते, आणि एरवी कुणी कुरकुर करत नसे.

ती पहिल्या टीवर आली तेव्हा गर्दी मावत नव्हती. पहिला फटका सरळ गेला आणि तिने गुडघे लटपटल्याचा अभिनय केला. अभिनय किती आणि खरे किती हे तिलाच ठाऊक. तिच्यासोबत खेळणाऱ्या डीन विल्सनने 'गो अनिका'चा बिल्ला लावला होता. पहिल्या दिवशी ७१, दुसऱ्या दिवशी ७४. चार फटक्यांनी कट चुकला. ती परत आपल्या दौऱ्यावर गेली आणि जिंकत राहिली.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक प्रकरण घडले, गाजले कमी पण महत्त्वाचे जास्त. सूझी व्हेली ही कनेक्टिकटमधली गोल्फ शिकवणारी बाई. तिथल्या व्यावसायिकांची विभागीय स्पर्धा तिने २००२ साली जिंकली. पुरुषांना मागे टाकून. त्या विजयाने तिला ग्रेटर हार्टफर्ड ओपन या पुरुषांच्या स्पर्धेत हक्काची जागा मिळाली. पण विभागीय स्पर्धा ती पुढच्या टीवरून खेळली होती; अंतर सुमारे दहा टक्के कमी. हार्टफर्डला मात्र पुरुषांच्याच टीवरून खेळावे लागले. ७५ आणि ७८, कट चुकला. नंतर नियम बदलला: अशी जागा मिळवायची असेल तर पात्रतेलाही तीच टी. आम्हाला हा नियम योग्य वाटतो. एका टेपने मोजून दुसऱ्या टेपने बिल काढले तर आमच्या खात्यात चौकशी लागते. पुढे २०१८ साली याच व्हेलीबाई अमेरिकेच्या पीजीए संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या.

यानंतरची उदाहरणे बरीच आहेत. २००४ला हवाईत चौदा वर्षांची मिशेल वी पुरुषांच्या सोनी ओपनमध्ये दुसऱ्या दिवशी ६८ फटक्यांत आली. कट चुकला तो एका फटक्याने. आणि २०२२ला स्वीडनमध्ये ७८ पुरुष आणि ७८ स्त्रिया एकाच बक्षिसासाठी खेळले, टी वेगवेगळ्या ठेवून. लिन ग्रांट नऊ फटक्यांनी जिंकली. दुसऱ्या क्रमांकाच्या दोघांत हेन्रिक स्टेन्सन होता, ब्रिटिश ओपन जिंकलेला. तिथे कुणी आभाळ कोसळल्याची तक्रार केली नाही.

हे सगळे लांबच्या देशातले म्हणून सोडून द्यावे, तर आपल्या गावाचाही यात वाटा आहे. १९५४च्या मे महिन्यात, बडोदा मुंबई राज्यात होते तेव्हा, हमीदा बानू नावाची पैलवान बाई इथे कुस्तीला आली. जो मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन, असे तिचे आव्हान. ठरलेला पैलवान छोटे गामा, बाईशी लढणार नाही म्हणून ऐनवेळी हटला. मग बाबा पैलवान उभा राहिला आणि १ मिनिट ३४ सेकंदांत चीत झाला. तिच्या कुस्त्या ठरवून केलेल्या असतात, असा आक्षेप तेव्हा घेतला जात होता; तो खरा की खोटा याचा निवाडा आज करता येणार नाही. पण महाराष्ट्रात तिची एक कुस्ती कुस्ती संघाच्या हरकतीमुळे रद्द झाली, आणि पुरुषाला हरवल्यावर लोकांनी तिची हुर्यो उडवली, हेही त्याच काळातले. गोल्फमध्ये बाई हरेल म्हणून विरोध. कुस्तीत ती जिंकते म्हणून विरोध.

दुसरे उदाहरण तर अगदी मराठी घरातले. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांची मुलगी रोहिणी १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, बुद्धिबळाच्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. गोंधळ उडाला, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेले, आणि निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी ठरवून दिले की स्त्रियांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही. बुद्धिबळाच्या पटावर टी नसते, दंडाचे बळ लागत नाही. तरी कोर्टाची पायरी चढावी लागली. तिच्या वसंती आणि जयश्री या बहिणीही राष्ट्रीय विजेत्या, आणि पुढे स्त्रियांचे विजेतेपद बरीच वर्षे खाडिलकरांच्या घरातच फिरत राहिले.

"मग उद्या पुरुष महिला गटात नाव घालायला आले तर?" असे आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदाने विचारले. उत्तर एलपीजीएच्या जन्मातच आहे. महिला गट ज्यांना जागा नव्हती त्यांच्यासाठी काढला गेला. पुरुषांना जागा कधी नव्हती? अमेरिकेत आजही तेच आहे: पुरुषांच्या दौऱ्याच्या नियमांत स्त्रीला मज्जाव नाही, एलपीजीएत पुरुषाला आहे. यात आम्हाला विसंगती दिसत नाही. मात्र पुरुष गटात येणाऱ्या मुलीला पहिल्या फेरीत सोपा प्रतिस्पर्धी द्यायचा नाही, किंवा टाळ्यांसाठी थेट उपांत्य फेरीत बसवायचे नाही. बेबसारखे पात्रता फेरीतून यावे.

ज्येष्ठांचे समाधान झाले नाही. चहा होईपर्यंत चर्चा चालली, मग आरतीची वेळ झाली. यंदाच्या फॉर्मवर 'पुरुष गट' खोडून 'खुला गट' छापला आहे आणि खाली 'महिला गट' तसाच ठेवला आहे. हा बदल बहुमताने झाला, एकमताने नाही. नावनोंदणीचे टेबल यंदाही आमच्याकडेच आहे. हा लेख छापायला देईपर्यंत खुल्या गटात एकवीस नावे आली होती. त्या मुलीचे नाव कुठल्याच गटात आलेले नाही. बारावीचे वर्ष आहे, क्लास रात्री आठपर्यंत असतात, असे तिची आई म्हणाली. मुदत रविवारपर्यंत आहे.