तंजावरची गादी आणि तिचे पंच

वारसाचा तंटा घरात मिटला नाही, की तो शेजाऱ्याच्या ओसरीवर जातो; आणि शेजारी निवाड्याचा मोबदला घेतल्यावाचून राहत नाही. तंजावरच्या मराठी राज्याचा इतिहास याला साक्ष आहे.

१७३८ साली गादी गमावलेल्या शहाजीने मदतीच्या मोबदल्यात पुदुच्चेरीच्या फ्रेंचांना कारैकल देऊ केले. गादी परत मिळताच त्याने शब्द फिरवला; तथापि १७३९ साली चंदासाहेबाच्या साह्याने फ्रेंचांनी कारैकल मिळविलेच. त्याच वर्षी प्रतापसिंह गादीवर आला. पुढे शहाजी इंग्रजांना शरण गेला. १७४९ साली मेजर लॉरेन्सच्या फौजेने कोळ्ळिडमच्या मुखाजवळचे देवीकोट्टै जिंकले. किल्ला हाती येताच इंग्रजांनी प्रतापसिंहाशी तह केला. शहाजीच्या वाट्याला केवळ वर्षासन आले!

१७८७ साली तुळजाजी वारला. दत्तक पुत्र सरफोजी अल्पवयीन होता. कंपनीने प्रथम तुळजाजीचा सावत्र भाऊ अमरसिंह याला मान्यता दिली, आणि १७९८ साली त्याला दूर करून सरफोजीला बसविले. पुढल्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला.

अमेरिकेत २००० साली फ्लोरिडातील अवघ्या ५३७ मतांवर अध्यक्षपद ठरले. तंटा विकोपास गेला, परंतु निवाडा करणारे न्यायालय त्यांचे स्वतःचे होते. तंजावरला दावेदार पुष्कळ होते. उणीव होती ती घरच्या पंचाची.