नव्या शहरात आपले चर्च कोणते? गोव्याचे स्थलांतरित, मुंबईतील दोन बिशप आणि ‘कूड’

१/
कल्पना करा. साल १८९०च्या आसपासचे. गोव्यातील सासष्टीचा एक तरुण आगबोटीतून मुंबईस उतरला आहे. हातात पत्र्याची पेटी, पेटीत दोन कपडे आणि गावच्या विगाराने, म्हणजे धर्मग्रामाच्या प्रमुख पाद्रीने, लिहून दिलेला बाप्तिस्म्याचा दाखला. दोन दिवसांनी रविवार आहे. मुंबईत कॅथोलिक चर्चना तोटा नाही. गिरगाव, काळबादेवी, माझगाव, कुठेही जावे तर घंटा ऐकू येते. तरीही ‘यांतले माझे चर्च कोणते?’ या प्रश्नाचे उत्तर त्या काळी राहत्या पत्त्यावरून मिळत नसे. ते का, याचा हा थ्रेड.

२/
प्रथम एक शंका दूर करू. त्या काळी मिस्सा बहुतेक ठिकाणी लॅटिनमध्येच होत असे. मग एका चर्चऐवजी दुसऱ्यात गेल्याने काय बिघडणार होते? मिस्सेपुरते फारसे नाही. पण चर्च म्हणजे केवळ मिस्सा नव्हे. पापनिवेदन, ज्याला गोव्यात ‘कुमसार’ म्हणतात, ते पाद्रीला समजेल अशा भाषेत करावे लागते. लग्नापूर्वीच्या घोषणा चर्चमध्ये होतात. मुलाचा बाप्तिस्मा तेथील वहीत नोंदला जातो. आणि अखेर परक्या शहरात मरण आले, तर कोणत्या जमिनीत आणि कोणत्या पाद्रीच्या प्रार्थनेने पुरले जाणार, हेही चर्चच ठरवते.

३/
गोव्यात हा प्रश्न कोणाला पडतच नसे. माणूस ज्या गावात जन्मला, त्या गावचे चर्च त्याचे. गावची जमीन सांभाळणारी गावकरी संस्था, म्हणजे पोर्तुगीज भाषेतील ‘कोमुनिदाद’, आणि चर्चचे बंधुसंघ, म्हणजे ‘कोन्फ्रारिया’, यांच्याशी त्याच्या घराण्याचे नाते ठरलेले असे. फेस्त कोणी साजरे करायचे, मिरवणुकीत कोणी कोणता झगा घालायचा, हे मानपान पिढ्यान्‌पिढ्या चालत. चर्च शोधावे लागत नव्हते. माणूस त्यातच जन्म घेत होता.

४/
मग गाव सुटले कसे? जमीन थोडी, रोजगार तुटपुंजा, आणि शेजारीच ब्रिटिशांची वाढती मुंबई. नेपोलियनच्या युद्धकाळात, १७९९ ते १८१३ या वर्षांत, ब्रिटिश सैन्याचा तळ गोव्यात होता. त्या सहवासात गोव्याच्या ख्रिस्ती लोकांना इंग्रजांच्या घरी, स्वयंपाकघरात आणि वाद्यवृंदात काम मिळू लागले. पुढे आगबोटींच्या कंपन्यांना खलाशी, खानसामे आणि आचारी हवे झाले. कोकणीत अशा दर्यावर्द्याला ‘तारवटी’ म्हणतात. १८८८च्या सुमारास मुरगावची रेल्वे ब्रिटिश हिंदुस्थानाच्या लोहमार्गांना जोडली गेली आणि हा ओघ आणखी वाढला.

५/
आता मुंबईकडे वळू. १५३४च्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुंबईची बेटे गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे आली. मागोमाग फ्रान्सिस्कन धर्मगुरू आले आणि बेटांवर चर्च उभी राहिली. १६६१च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये गेला आणि १६६८ मध्ये बेटे ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली. राज्य प्रॉटेस्टंट इंग्रजांचे झाले, पण कॅथोलिक प्रजेचे पाद्री पोर्तुगीजच राहिले. संघर्षाचे बीज इथे आहे.

६/
दोन शब्द नीट समजून घ्या. पुढचा सारा इतिहास त्यांवर उभा आहे.

‘पाद्रोआदो’: पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेला अधिकार. पूर्वेकडील चर्चचा खर्च राजाने उचलायचा. बदल्यात बिशप सुचविण्याचा हक्क राजाचा. याचे पूर्वेतील केंद्र गोव्याचे आर्चबिशप.

‘प्रोपगांडा’: धर्मप्रसारासाठी रोमने १६२२ मध्ये स्थापलेली स्वतःची यंत्रणा. तिचे प्रतिनिधी म्हणजे ‘व्हिकार अपोस्तोलिक’. ते थेट पोपला उत्तरदायी असत, पोर्तुगालच्या राजाला नव्हे.

श्रद्धा एक, संस्कार एक. मालक मात्र दोन.

७/
१७२० मध्ये मुंबईच्या इंग्रज सरकारने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बेटाबाहेर काढले आणि चर्च इटालियन कार्मेलाइट पंथाच्या व्हिकार अपोस्तोलिककडे सोपविली. कारण धार्मिक नव्हते. खाडीपलीकडील साष्टी आणि वसई तेव्हा पोर्तुगिजांकडे होती. चिमाजी अप्पांनी ती जिंकली ती पुढे १७३७ ते १७३९च्या मोहिमेत. शेजारच्या प्रतिस्पर्ध्याशी निष्ठा असलेले पाद्री आपल्या प्रजेच्या कानाशी असावेत, हे कंपनीला परवडणारे नव्हते.

८/
परंतु मुंबईतील अनेक कॅथोलिकांचे मन गोव्याकडेच ओढले जात होते. १७८९ मध्ये कंपनीने चर्च पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपांकडे दिली, दोनच वर्षांत निर्णय फिरवला आणि अखेर १७९४ मध्ये सरळ वाटणी केली. माहीमचे सेंट मायकल आणि एस्पेरान्सा ही दोन चर्च व्हिकार अपोस्तोलिककडे; दादरचे साल्व्हासांव आणि माझगावचे ग्लोरिया ही दोन गोव्याकडे. भावांनी शेत वाटून घ्यावे तशी ही वाटणी होती, आणि तशाच वाटणीसारखी ती पुढे शंभर वर्षे भांडणाला पुरली.

९/
भांडण चिघळले ते युरोपातील घडामोडींनी. १८३३ मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांचे संबंध तुटले. १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक पंथांचे मठ बंद केले. १८३८ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी एका आज्ञेद्वारे पाद्रोआदोचे अधिकार मोठ्या प्रमाणात कापले. गोव्याच्या धर्मसत्तेने ही आज्ञा मानली नाही. तेव्हापासून दोन्ही बाजूंचे पाद्री परस्परांना अनधिकारी ठरवू लागले. सामान्य माणसासाठी याचा अर्थ भयंकर होता: आपले पापनिवेदन ऐकणाऱ्याला ते ऐकण्याचा अधिकारच नसेल तर?

१०/
याचे टोक १८५३ मध्ये माहीमला दिसले. सेंट मायकल चर्चमधील बहुसंख्य लोक गोव्याच्या बाजूला जाऊ पाहत होते. मुंबईचा कारभार पाहणारे बिशप अनास्तासिउस हार्टमन हे स्विस कापुचिन. चर्च सोडण्यापेक्षा मरण पत्करेन, या निर्धाराने ते आपल्या माणसांसह आतच राहिले. विरोधकांनी बाहेरून वेढा दिला. ही कोंडी सुमारे पंधरा दिवस चालली. अखेर सरकारी अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप केला आणि चर्च पाद्रोआदोच्या बाजूकडे गेले. एकाच क्रुसाला नमन करणारी माणसे चर्चच्या दाराच्या दोन बाजूंना एकमेकांविरुद्ध उभी होती, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा.

११/
१८८६ मध्ये पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. मुंबईला आर्चबिशप मिळाले. पण शहरातील पाद्रोआदोची चर्च आणि त्यांचे लोक दमणच्या बिशपांच्या अधिकारात राहिले. म्हणजे एकाच शहरात दोन अधिकार, आणि त्यांच्यामध्ये नकाशावर रेघ नाही. तुम्ही कोणत्या गल्लीत राहता यापेक्षा तुम्ही मूळचे कुठले, हे महत्त्वाचे ठरले. एकाच चाळीत, एकाच जिन्यावर राहणाऱ्या दोन कॅथोलिकांचे बिशप वेगळे असू शकत होते.

१२/
आता आपल्या त्या तरुणाकडे परत या. राहायला जागा मिळाली तिथून दोन मिनिटांवर चर्च असेलही. पण ते ‘दुसऱ्या बाजूचे’ असू शकते. गोव्याहून आलेला माणूस सामान्यतः पाद्रोआदोचा. त्याने जायचे ते काव्हेलच्या ‘नोसा सेन्योरा दा साउदे’सारख्या चर्चमध्ये, जिथे गोव्याचा पाद्री भेटेल आणि कोकणीत कुमसार करता येईल. पेटीतील तो दाखला म्हणजे केवळ धर्माचा पुरावा नव्हता. तो कोणाच्या अधिकारात मोडतो, हेही तोच सांगत होता.

१३/
या शहरात त्याला आणखी एक गोष्ट उमगे. मुंबईचे मूळचे कॅथोलिक, म्हणजे गावठाणांतील कोळी, भंडारी, शेतकरी कुळांतील ख्रिस्ती, हे मराठीची बोली बोलत. धर्म एकच असला तरी ते आणि गोवेकर एक नव्हते. सरकारी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांत बाहेरून आलेल्यांपासून आपण वेगळे ओळखले जावे, म्हणून त्यांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव अधिकृतपणे घेतले आणि आपली संघटना स्थापली. चर्चच्या बाकावर शेजारी बसणारा माणूस आपला असेलच, याची खात्री नव्हती.

१४/
मग स्थलांतरितांनी काय केले? चर्च शोधण्याआधी त्यांनी गावच उभे केले. त्याचे नाव ‘कूड’. कोकणीत कूड म्हणजे खोली. एका गावच्या लोकांनी मिळून धोबीतलाव, काळबादेवी, माझगाव अशा भागांत खोल्या भाड्याने घ्यायच्या आणि गावच्या माणसाला अल्प मोबदल्यात आसरा द्यायचा. पेटी ठेवायला भिंतीकडेची जागा, रात्री पसरायला चटई. बोटीवरून उतरलेला तारवटी पुढची बोट मिळेपर्यंत इथेच राही. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत असे अनेक कूड होते आणि काही आजही आहेत.

१५/
पण कूड म्हणजे धर्मशाळा नव्हे. प्रत्येक कुडात एक वेदी असे. तिच्यावर गावच्या संरक्षक संताची प्रतिमा. पुष्कळ कुडांची नावेही संतांवरून ठेवलेली. संध्याकाळी ‘तेर्स’, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि तिला उपस्थिती बंधनकारक. वर्षातून एकदा गावच्या संताचे फेस्त: लदीन, गाणे, जेवण. कुडाच्या वर्गणीतून आजाऱ्याला मदत होई, गावच्या चर्चला पैसे जात, आणि कोणी इथेच मेला तर त्याला एकटे पुरले जात नसे. दोन बिशप ज्यावरून भांडत होते, तो ‘धर्मग्राम’ या लोकांनी एका खोलीत मांडला.

१६/
याचे गोडवे गाताना दुसरी बाजू विसरू नये. गाव आले तसे गावाचे भेदही आले. जात आणि वाडा यांवरून एकाच गावचे वेगवेगळे कूड निघाल्याची उदाहरणे आहेत. शिवाय बहुसंख्य कूड पुरुषांचे. इंग्रजांच्या घरी आया म्हणून राबणाऱ्या गोव्याच्या बायकांना त्या वेदीसमोर जागा नव्हती. त्यांच्यासाठी रविवारची मिस्सा आणि चर्चचे आवार हेच ओळखीची माणसे भेटण्याचे ठिकाण होते. म्हणून ‘आपले चर्च’ सापडणे ही त्यांच्यासाठी पुरुषांहूनही निकडीची बाब होती.

१७/
दुहेरी अधिकार अखेर १९२८च्या कराराने संपला. मुंबईत एकच आर्चबिशप राहतील, आणि ते आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असतील, असे ठरले. त्याप्रमाणे प्रथम पोर्तुगीज जेझुइट जुआकिम लिमा आले, १९३७ मध्ये इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स. स्वतंत्र भारतात ही पाळी हास्यास्पदच होती. रॉबर्ट्स यांनी भारतीय उत्तराधिकाऱ्यासाठी वाट मोकळी केली आणि १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल ठरले.

१८/
ग्रेशियस यांचा जन्म कराचीचा, आईवडील गोव्याचे. म्हणजे पोट भरण्यासाठी परक्या शहरात गेलेल्या, आणि तिथे आपले चर्च शोधलेल्या कुटुंबाचा हा मुलगा. ज्या मुंबईत गोव्याच्या माणसाला ‘तू कोणत्या बिशपाचा?’ असे विचारले जाई, त्या मुंबईचा बिशपच आता स्थलांतरितांच्या पोटी जन्मलेला होता.

१९/
मुंबईत असाल तर या इतिहासाच्या खुणा पायी फिरून पाहता येतील. दादरचे साल्व्हासांव, ज्याला लोक ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतात, त्याची आजची इमारत चार्ल्स कोरिया यांनी रचलेली. तेही गोव्याच्या कुटुंबातले. भायखळ्याचे ग्लोरिया हे माझगावच्या त्या जुन्या चर्चचे वारस, इमारत विसाव्या शतकाच्या आरंभीची. माहीमला बुधवारी नोव्हेनाला जी गर्दी उसळते, ती १८५३ मध्ये वेढा पडलेल्या सेंट मायकल चर्चमध्येच. तिथून धोबीतलावला या आणि जेर महालाच्या जिन्यावरील गावांच्या नावांच्या पाट्या वाचा. त्यांतील प्रत्येक पाटी म्हणजे ‘माझे चर्च कोणते?’ या प्रश्नाला एका गावाने दिलेले उत्तर आहे.

(थ्रेड समाप्त. तुमच्या घरात कुडाच्या, आगबोटीच्या किंवा जुन्या बाप्तिस्मा-दाखल्याच्या आठवणी असतील, तर खाली जरूर लिहा.)