व्रतचारी : नाच शिकला, पण कोणाचा?

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे आपल्याकडे गावोगाव मुलांची आणि तरुण मंडळांची शिबिरे भरतात. सकाळी लेझीम, दुपारी मातीकाम, संध्याकाळी वारली चित्रे असा कार्यक्रम असतो, आणि त्यास 'आपल्या संस्कृतीची ओळख' असे भारदस्त नाव दिलेले असते. अशाच एका शिबिरास काही वर्षांपूर्वी आम्ही गेलो होतो. मुलांच्या हाती छापील आकृत्या होत्या. त्यांत पांढरा रंग भरावयाचा होता. एका मुलीने विचारले, "ही चित्रं मूळची कोण काढतं?" शिकविणाऱ्या बाईंनी "आदिवासी" असे एका शब्दात उत्तर दिले आणि त्या पुढच्या मुलाकडे वळल्या. लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहिणाऱ्या सवाशिणींचा उल्लेखही झाला नाही. आम्हांसही त्या वेळी तोंड उघडावेसे वाटले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

पण प्रश्न त्या मुलीचाच खरा होता. आणि तो बंगालमध्ये नव्वदांहून अधिक वर्षांपूर्वी एका मोठ्या चळवळीपुढे उभा राहिला होता. त्या चळवळीचा वृत्तांत महाराष्ट्रात फारसा कोणास ठाऊक नाही, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो.

गुरुसदय दत्त हे १८८२ साली सिल्हेट जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले गृहस्थ. आय. सी. एस. होऊन ते जिल्हाधिकारी झाले. गावोगाव महिला समित्या काढणाऱ्या त्यांच्या पत्नी सरोजनलिनी १९२५ साली वारल्या. त्यांच्या नावे दत्तांनी संस्था काढली आणि स्त्रियांच्या हस्तकौशल्याकडे त्यांचे लक्ष अधिकच वळले. पुढे १९२९ साली विलायतेत इंग्रजी लोकनृत्ये पाहताना त्यांच्या मनात आले की, आपल्या प्रांतात असे काही नाही काय? स्वतःच्या अंगणातील झाड पाहण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जावे लागले, याचे आज हसू येते. पण त्या पिढीतील पुष्कळ थोरांची वाट अशीच विलायतेवरून घरी आलेली आहे.

१९३० च्या सुमारास त्यांची नेमणूक बीरभूम जिल्ह्यात झाली आणि तेथे त्यांस 'रायबेंशे' हा नाच आढळला. रायबाँश म्हणजे भाल्यासारखा वापरावयाचा मोठा बांबू. एके काळी जमीनदारांच्या पदरी जे लढवय्ये पाईक होते, त्यांचा हा नाच. ढोल आणि काँसी यांच्या ठेक्यावर, उजव्या पायात नूपुर बांधून, धनुष्य ओढणे, भाला फेकणे, घोड्यावर मांड ठोकणे अशा हालचाली करावयाच्या; मध्येच एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरे रचावयाचे; गाणे नाही, फक्त आरोळ्या. ज्यांनी आपल्याकडील लेझीम पाहिली आहे, त्यांस याचे वळण परके वाटणार नाही; लेझीमही धनुष्याच्या व्यायामातूनच आली असे सांगतात. दत्तांच्या वेळी हा नाच उरला होता तो बाउरी, बागदी, डोम अशा जातींपाशी. भद्रलोकांच्या लेखी तो लग्नाच्या वरातीतला धांगडधिंगा होता.

१९३२ साली दत्तांनी 'व्रतचारी' चळवळ सुरू केली. ज्ञान, श्रम, सत्य, ऐक्य आणि आनंद ही पाच व्रते. पाचवे व्रत आनंदाचे, हे ध्यानात घ्यावे. व्रत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उपासच येतो. जिल्हाधिकारी साहेब स्वतः धोतर कसून शाळामास्तरांबरोबर नाचू लागले. मास्तर शिबिरात शिकत, आणि शाळेत परतून मुलांना शिकवीत. रायबेंशे, ढाली, जारी, काठीनाच असे नाच त्यांत होते. जारी तर मोहरमच्या करुणकथेवरचा, मुसलमान शेतकऱ्यांचा. पण केवळ नाचून सुटका नव्हती. कुदळ हाती घ्यावयाची, तळ्यांत माजलेली जलपर्णी उपसावयाची, रस्ता साफ करावयाचा, आणि हे सारे गाणे म्हणत म्हणत. जलपर्णी ही त्या वेळी बंगालची मोठी पीडा होती. भातशेती आणि नावांची वाट तिने अडविली होती, आणि १९३६ साली तिच्यासाठी प्रांतास स्वतंत्र कायदा करावा लागला. मुलाच्या हाती एके क्षणी काठी आणि दुसऱ्या क्षणी कुदळ देणे, ही आम्हांस या चळवळीची सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

त्याच बीरभूममध्ये रवींद्रनाथांनी १९२२ साली श्रीनिकेतन स्थापिले होते, आणि तेथील 'व्रती बालक' पथकेही खेड्यांत असेच काम करीत. शांतिनिकेतनच्या कलाभवनात अल्पना शिकविण्यास सुकुमारी देवी होत्या. जी विद्या त्यांनी घरादाराच्या ओट्यांवर संपादिली, तीच त्यांनी तेथे दिली. कला जिची, तिलाच गुरूच्या आसनावर बसविण्याचे हे उदाहरण.

दत्तांनीही हे थोडेबहुत केले. खेड्यांतील जुन्या कांथा, म्हणजे आपल्या गोधडीच्या बहिणी, त्यांनी गोळा केल्या. जीर्ण साड्यांचे थर एकमेकांवर ठेवून, साडीच्या काठातूनच ओढून काढलेल्या रंगीत दोऱ्याने बायकांनी त्यांवर हत्ती, पालख्या, रथ शिवलेले असत. पटुवा नावाच्या चित्रकारांची गीते त्यांनी १९३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. हे पटुवा बहुधा मुसलमान. पण रामाच्या, कृष्णाच्या, मनसादेवीच्या कथा लांब पटावर रंगवावयाच्या आणि पट उलगडीत दारोदार गावयाच्या, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय.

आता दुसरी बाजू. त्या काळी बंगाल पेटलेला होता. चितगावचे शस्त्रागार १९३० साली लुटले गेले, आणि तरुण मुले तुरुंगांत व फासावर जात होती. अशा वेळी सरकारी अधिकाऱ्याने तरुणांस रांगेत उभे करून नाचावयास लावावे, याचा संशय न येता तरच नवल. मुलांचे लक्ष क्रांतीवरून उडविण्याचा हा डाव, असे म्हणणारे होते. दत्तांच्या निष्ठेबद्दल आम्हांस शंका नाही. पण राज्यकर्त्यांस ही चळवळ गैरसोयीची वाटली नाही, हेही खरे. याहूनही आम्हांस बोचते ते निराळेच. डोमाचा नाच शाळेच्या पटांगणात आला, त्यास शिस्त आली, ताल आला, प्रतिष्ठा आली. डोम मात्र होता तेथेच राहिला. त्याची जमीन, त्याचे कर्ज, त्याचा पाणवठा हे विषय पाच व्रतांत थेट कोठेच नव्हते. दत्त १९४१ साली निवर्तले. दोनच वर्षांनी बंगालात जो दुष्काळ पडला, त्यात वीस ते तीस लाख माणसे गेली, आणि त्यांत भूमिहीन मजूर, कोळी आणि कारागीर यांचा भरणा मोठा होता. ज्यांच्याकडून नाच घेतला, तेच लोक हे.

म्हणून ही चळवळ फोल ठरली काय? तसे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. १९४७ साली सिल्हेटचा बहुतेक भाग पाकिस्तानात गेला, दत्तांचे गावही गेले. पण व्रतचारी दोन्ही बंगालांत उरले. कलकत्त्याजवळ जोका येथे, व्रतचारी ग्रामाच्या परिसरात, १९६३ साली त्यांच्या संग्रहाचे संग्रहालय उघडले आणि त्या अनाम बायकांच्या कांथा तेथे लोकांस पाहावयास मिळू लागल्या.

आणि सरहद्दीपलीकडची एक हकीकत. कमरुल हसन नावाचा कलकत्त्याच्या कलाशाळेतील एक विद्यार्थी व्रतचारी झाला होता. व्यायाम, नाच आणि पटुव्यांची रेषा या तिन्ही गोष्टींचा त्यास तेथे नाद लागला. फाळणीनंतर तो ढाक्यास गेला. १९७१ साली याह्याखानाचा राक्षसी मुखवटा काढून त्याने जे भित्तिपत्रक केले, ते त्या मुक्तिसंग्रामात घरोघर पोहोचले. पुढील वर्षी बांगला देशाच्या राष्ट्रध्वजास आजचे रूप दिले तेही त्यानेच. एवढी कीर्ती झाल्यावरही लोकांनी आपणास चित्रकार न म्हणता 'पटुवा' म्हणावे, असा त्याचा आग्रह होता. आणि बांगला देशात तो त्याच नावाने ओळखला जातो.