पाचक औषधातलं पेप्सिन



दशलक्षण पर्वात एकाशनं करायची आणि पारण्याला पुरणपोळीवर ताव मारायचा, मग पोट बिघडणारच. आमच्या सासूबाई यावर ओवा, सैंधव आणि चिमूटभर सुंठ द्यायच्या. (आलं चालत नाही, सुंठ चालते, हे तुम्हाला सांगायला नकोच.) एका वर्षी मात्र त्यांचीच मळमळ थांबेना. मी दुकानातून पाचक औषधाची बाटली आणली. पंधरा दिवस जेवणानंतर दोन-दोन चमचे दिले, त्यांना बरंही वाटलं. बाटली संपत आली तेव्हा लेबल वाचलं : डायस्टेज आणि पेप्सिन. पेप्सिन म्हणजे काय ते शोधलं आणि हातपाय गार पडले.

थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाला १८३६ साली जठररसात अन्न विरघळवणारा एक पदार्थ सापडला. 'पचन' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने त्याला पेप्सिन हे नाव दिलं. १८५० नंतर पॅरिसच्या ल्युसियाँ कोर्विसार या डॉक्टरांनी ते अपचनाच्या रोग्यांना द्यायला सुरुवात केली. ते मिळायचं कत्तलखान्यातल्या जनावरांच्या जठराच्या अस्तरातून, पुढे मुख्यतः डुकराच्या. अमेरिकेत तर पेप्सिन घातलेलं च्युइंगम निघालं!

याला दुसरी वाट दाखवली जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञाने. जपानमध्ये तांदळाची दारू करताना कोजी नावाची बुरशी वापरतात. ती वापरून अमेरिकेत व्हिस्की करायला हे गृहस्थ गेले. तो उद्योग काही टिकला नाही, पण गव्हाच्या कोंड्यावर वाढवलेल्या त्याच बुरशीतून त्यांनी डायस्टेज काढलं, १८९४ साली त्याचं पेटंट मिळवलं आणि ते 'टाका-डायस्टेज' नावाने औषध म्हणून विकलं गेलं.

मी कॉमर्सवाली, रसायनशास्त्राशी माझा संबंध नाही. पण एवढं कळलं, की पेप्सिन प्रथिनं फोडतं आणि डायस्टेज पिष्ट. भात-पोळीतल्या पिष्टाला पेप्सिन शिवतसुद्धा नाही. म्हणजे सासूबाईंना आराम पडला तो कदाचित त्या बुरशीमुळेच. अर्थात बुरशीतही जीव आहेतच, तेव्हा हिशोबाची ती बाजूही कोरी नाही.

सासूबाईंना सांगावं की नाही? त्यांनी उभ्या जन्मात रात्री अन्न घेतलं नव्हतं, कंदमुळाला हात लावला नव्हता. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरेना. शेवटी देवदर्शनाहून आल्यावर सांगून टाकलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी तरी कुठं विचारलं गं तुला, यात काय आहे म्हणून?" त्यांनी महिनाभर तूप आणि साखर सोडली. त्यांच्याबरोबर मीही सोडली.

आता आमचा औषधवाला मला लांबून ओळखतो. मी चष्मा काढायच्या आत सांगतो, "काकू, यात पेप्सिन नाही, पपईचं पपेन आहे." तरी चष्मा लावून मी वाचतेच.