कमी बजेटमध्ये जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे? कोणती घ्यावी, काय तपासावं आणि 'व्हिंटेज' शिक्का का टाळावा?

गळीत हंगामात नीरा-बारामती रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. कोऱ्हाळे बुद्रुकजवळ त्या रांगेतून एखादी 35 वर्षांची, चकचकीत रंगवलेली जुनी गाडी वाट काढताना दिसली, की लोकांचे मोबाईल बाहेर येतात. रील पडते आणि खाली पहिली कमेंट ठरलेली असते: 'भाऊ, केवढ्याला पडली?'

पण अशा गाडीच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायला हवा. गाडीची आरसी जिवंत आहे का, तिचे पार्ट मिळतात का आणि ती रोज रस्त्यावर काढता येते का, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी मिळवावी लागतात. ती 'नाही' असतील, तर फुकटात मिळालेली गाडीही महाग पडते.

परदेशातला सल्ला इथे का चालत नाही?

यूट्यूबवर 'स्वस्त क्लासिक स्पोर्ट्स कार' शोधलं, की दोन नावं हमखास येतात: ब्रिटनची एमजीबी आणि 1989 मध्ये आलेली जपानची माझदा एमएक्स-5. दोन्ही हलक्या, दोन सीटच्या, उघड्या छताच्या. त्या देशांत त्यांचे पार्ट सहज मिळतात, म्हणून तिथे हा सल्ला बरोबर आहे. आपल्याकडे माझदा कंपनी कार विकतच नाही. शिवाय तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली कार नेहमीच्या मार्गाने भारतात आयात करता येत नाही, आणि जी येते तिच्यावरचं सीमाशुल्क बजेटचा विषयच संपवतं. सचिन तेंडुलकरला 2002 मध्ये भेट मिळालेल्या फेरारीला दिलेल्या शुल्कमाफीवरून वाद झाला होता आणि प्रकरण कोर्टात गेलं होतं. शेवटी ते शुल्क फियाट कंपनीने भरलं.

म्हणजे निवड करायची ती भारतात बनलेल्या किंवा इथे रीतसर विकल्या गेलेल्या गाड्यांतून.

मग पर्याय कोणते?

खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणाव्यात अशा दोन गाड्या आपल्या आसपासच बनल्या. गोव्याच्या सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' आणली. दोन सीट, फायबरग्लासची बॉडी, रेनोचं 1.2 लिटरचं सुमारे 60 बीएचपीचं इंजिन. दुसरी अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सची 'रोडस्टर'. ती ब्रिटनच्या लोटस सेव्हनच्या धर्तीवर बनवलेली आहे आणि तिच्यात इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आहे. दोन्ही अगदी कमी संख्येने विकल्या गेल्या. स्टॉर्मची पुढची काच फुटली किंवा एखादा बॉडीचा भाग गेला, तर शोधायचा कुठे, हा मोठा प्रश्न. चिंकाराचं निदान इंजिन तरी ओळखीचं आहे, कारण इसुझूचं 1.8 लिटर इंजिन काँटेसा क्लासिकमध्येही होतं. पण ऊन, धूळ आणि ट्रॉलीतून पडलेल्या उसावरून जाणाऱ्या रस्त्यावर अशी उघडी, जमिनीलगतची गाडी रोज चालवणं हौसेच्याही पलीकडचं काम आहे. दुसरी गाडी म्हणून ठीक.

काँटेसा हा अनेकांचा पहिला विचार असतो. हिंदुस्तान मोटर्सची ही गाडी 1984 मध्ये आली आणि 2002 पर्यंत बनली. लांब बॉनेट, मागच्या चाकांना ताकद, रुबाब भरपूर. सुरुवातीच्या गाड्यांत 1.5 लिटरचं मरगळलेलं इंजिन होतं, त्यामुळे घ्यायचीच तर इसुझू इंजिनची 'क्लासिक' बघावी. अडचण अशी, की रील्सच्या नादात यातल्या बऱ्याच गाड्या कापल्या-जोडल्या गेल्या आहेत. मूळ अवस्थेतली मिळाली तर नशीब.

फियाट पॅलिओ 1.6 ही 2001 ची. बाहेरून साधी हॅचबॅक, आत 100 बीएचपी. जाहिरातीत सचिन होता आणि त्याच्या नावाची 'एस10' आवृत्तीही निघाली. फियाटचा कारखाना रांजणगावला, म्हणजे पुणे जिल्ह्यातच. पण म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या 1.6 पेट्रोलचे पार्ट शेजारी मिळतील असं नाही. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला, याचा पुरावा नसेल तर तो बदलण्याचा खर्च धरूनच भाव करावा.

आणि मग येते प्रीमियर.

कुर्ल्याच्या गाडीचं इंदापूरशी नातं

इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्या वालचंद हिराचंद यांनीच 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 निघू लागली, पुढे तिचीच 'पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि 20 वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. टॅक्सी संपली तरी तिच्यामुळे तयार झालेले मिस्त्री आणि पार्टचा बाजार अजून आहे. हीच या गाडीची खरी किंमत. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन स्पोर्ट्स कारचं नाही आणि ब्रेकही जपून वापरावे लागतात. तरी हीच गाडी एके काळी रॅलीत पळवली जायची.

बजेटमध्ये चालवण्याची मजा हवी असेल, तर तिच्याच घरातली प्रीमियर 118 एनई जास्त योग्य ठरते. 1985 मध्ये आलेली ही गाडी फियाट 124 च्या आराखड्यावर बनली होती. याच 124 कुटुंबातून युरोपात उघड्या छताची 'स्पोर्ट स्पायडर' निघाली. 118 एनईमध्ये निसानचं 1171 सीसीचं ए12 इंजिन आहे. ताकद 50 बीएचपीच्या जरा वर. आकडा वाचून हसू येईल, पण गाडी हलकी आहे, ताकद मागच्या चाकांना जाते, गिअर सफाईने पडतात आणि 60 च्या वेगातही आपण गाडी 'चालवतो आहोत' हे कळतं. कोऱ्हाळ्याहून बारामतीला जाताना याहून जास्त वेगाची गरज कुठे पडते? पद्मिनीइतकं नाव नसल्यामुळे तिचा भाव हौशी लोकांनी अजून तितका चढवलेलाही नाही.

'व्हिंटेज' नोंदणी म्हणजे रोजचं चालवणं बंद

जाहिरातीत 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी दिसली, उदाहरणार्थ साठच्या दशकातली स्टँडर्ड हेरल्ड किंवा जुनी फियाट 1100, तर ती सध्या साध्या नोंदणीवर आहे की व्हिंटेज नोंदणीवर, हे विचारा. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांचे वेगळे नियम आणले. मूळ रूपात असलेल्या, 50 वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी आणि चारचाकींना अर्ज करून हा दर्जा मिळतो. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, पुढच्या नोंदणीची 5,000, मुदत 10 वर्षं आणि नव्या नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं.

ऐकायला छान वाटतं. पण अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. ज्याला रविवारी जेजुरीला जाऊन यायचं आहे, त्याने साध्या खासगी नोंदणीवरची गाडी घ्यावी.

15 वर्षांनंतर गाडी भंगारातच जाते का?

नाही. हा गैरसमज दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरला. दिल्ली आणि परिसरात पेट्रोल गाड्यांना 15 आणि डिझेल गाड्यांना 10 वर्षांची मर्यादा लावली गेली. महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत पास झाली, तर आरसीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं.

त्याला पैसे मात्र लागतात. ऑगस्ट 2025 च्या नियमांनुसार 20 वर्षांहून जुन्या कारसाठी नूतनीकरणाची फी 10,000 रुपये आहे. आयात केलेली चारचाकी असेल तर 80,000. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत संपूनही नूतनीकरण केलं नसेल, तर 2022 पासून दरमहा 500 रुपये विलंब शुल्क आहे, म्हणजे वर्षाला 6,000. 'कागद आहेत, फक्त रिन्यू करायचे राहिलेत' असं विकणारा सहज बोलून जातो. त्या 'फक्त'चा हिशोब बारामतीच्या आरटीओ कार्यालयात, म्हणजे एमएच 42 मध्ये, जाऊन आधी करून घ्या आणि तो भावातून वजा करा.

विम्याचाही विचार करा. 2022 पासूनच्या दरांत 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता 3,416 रुपये आहे आणि 1500 सीसीच्या वर थेट 7,897, दोन्हींवर जीएसटी वेगळा. पद्मिनी आणि 118 एनई पहिल्या गटात बसतात. इसुझू काँटेसा आणि पॅलिओ 1.6 दुसऱ्यात. इतक्या जुन्या गाडीला विमा कंपन्या बहुतेकदा थर्ड पार्टीच देतात. म्हणजे ट्रॉली घासून गेली तर खर्च तुमचाच.

दिल्लीतून स्वस्तात आलेली गाडी दिसली, तर तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28, हातात असल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. पुढे महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा नंबर आहेच.

गाडी बघायला जाताना

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, फिटनेसची तारीख, कर्जाचा बोजा आणि थकलेली ई-चलनं बघून मगच निघा. तिथे गेल्यावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा. फोटोवर विश्वास नको. इंजिन बदललेलं असेल आणि त्याची आरटीओत नोंद नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकाल. निर्मात्याच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. 'नवीन इंजिन टाकलंय, रॉकेट झालीय' हे वाक्य ऐकलं, की कागद मागायचा.

सकाळी, इंजिन थंड असताना जा. बॉनेटला हात लावून बघा. आधीच गरम असेल तर ती चालू व्हायला त्रास देते, हे लपवलं जातंय असं समजा. सतत निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, इंजिनकाम आलं. गरम झाल्यावरही पांढरा धूर म्हणजे कूलंट आत शिरतंय. दोन्ही दुरुस्त होतं आणि दोन्हीचा अंदाज बांधता येतो.

गंजाचा मात्र बांधता येत नाही. मॅट उचलून फ्लोअर बघा, दाराखालची पट्टी, बॅटरीखालचा पत्रा, चाकावरच्या कमानी आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलं आहे ती जागा बघा. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉडीवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्यावर लांबी भरलेली आहे. नव्या, झगझगीत रंगाच्या गाडीवर हे आधी करा. सस्पेन्शनच्या जागेचा पत्रा कुजला असेल तर गाडी कितीही आवडली तरी निघून या.

टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूचे चार आकडे वाचा. 3215 म्हणजे 2015 सालचा 32 वा आठवडा. असे टायर बदलायचेच, म्हणजे तोही खर्च धरा. आणि शक्य असेल तर पुढे जो मिस्त्री ती गाडी सांभाळणार आहे, त्यालाच सोबत न्या. कार्ब्युरेटर उघडून बसवणारे हात कमी होत चालले आहेत. तुमच्या पट्ट्यात ते नसतील, तर मॉडेलच बदलण्याचा विचार करावा.

उसाच्या पट्ट्यातली आणखी एक अडचण: ई20

बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यांसाठी इथेनॉल हा आता मोठा आधार आहे. तेच इथेनॉल जुन्या गाडीची परीक्षा घेतं. 2025 पासून देशभरातल्या पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांचे पार्ट त्याला टिकतील असे बनवलेले असतात. 1985 च्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि गॅस्केट त्याआधीचे. इथेनॉलने ते फुगतात, कडक होतात, तडकतात, आणि पेट्रोलची गळती गरम इंजिनशेजारी झाली तर आगीचा धोका असतो.

इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली, की लोखंडी टाकी आतून गंजायला लागते. जुन्या टाकीतला साचलेला थर सुटून फिल्टर आणि कार्ब्युरेटरचे जेट तुंबतात, ते वेगळंच. शिवाय शुद्ध पेट्रोलपेक्षा ई20 मध्ये लिटरमागे साधारण 6 ते 7 टक्के कमी ऊर्जा असते. नव्या गाडीचा संगणक इंधनाचं प्रमाण वाढवून घेतो. कार्ब्युरेटरला ते जमत नाही. गाडी अडखळते, जास्त तापते.

उपाय आहेत आणि ते परवडणारेही आहेत. गाडी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉलला टिकणारे टाकून घ्या, पंपाची किट बदला, टाकी उतरवून साफ करा, फिल्टर नवा बसवा आणि मिस्त्रीकडून जेट एक नंबर मोठा लावून बघा. लांबी भरणं, रंगकाम, अलॉय, स्टिअरिंग कव्हर हे सगळं नंतर. आठवड्यातून एकदा तरी 20-25 किलोमीटर फिरवा. बंद शेडमध्ये जपून ठेवलेली जुनी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते.

पैसे कसे वाटायचे?

हातात तीन लाख असतील, तर गाडी दोनच लाखांची बघा. उरलेला एक लाख पहिल्या वर्षात टायर, ब्रेक, पाइप, रेडिएटर, आरसी आणि विमा यांत जातो. कर्ज काढून ही हौस करायची, तर इतक्या जुन्या गाडीला बँका वाहन कर्ज सहसा देत नाहीत, आणि वैयक्तिक कर्जाचं व्याज परवडत नाही. व्यवहार ठरला की फॉर्म 29 आणि 30 वर त्याच दिवशी सह्या घ्या आणि 30 दिवसांच्या आत नाव बदलण्याचा अर्ज करा. जुन्या मालकाला नंतर शोधायला जावं लागलं आणि तो हयात नसला, तर वारसांच्या सह्या गोळा करण्यात वर्ष जातं. तोवर गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी असते.