तारकांमधला गुबार

चाँदरातीला चंद्र शोधायला मुळशी धरणाकाठी मुलं जमली होती. मावळता सूर्य तांबडा झालेला. एकीनं विचारलं, "सर, लाल का?" हवेचे रेणू आणि धूळ निळा प्रकाश इकडेतिकडे उधळतात, तांबडा आपल्यापर्यंत पोचतो, एवढं सांगितलं. पण वर्षानुवर्षं "ताऱ्यांच्या मध्ये पोकळी" असं मीच वर्गात शिकवत आलो होतो. तिथेही धूळ आहे. उर्दूत म्हणायचं तर गुबार.

या गुबारानं भल्याभल्यांना चकवलं. विल्यम हर्शेलनं १७८५ साली दिशेदिशेला तारे मोजून आकाशगंगेचा आराखडा काढला, तर सूर्य जवळजवळ मध्यावर आला. दाट धुक्यात उभ्या माणसाला चहूकडे सारखंच दूरवर दिसतं आणि आपणच मधोमध आहोत असं वाटतं, तसंच हे. १९३० साली रॉबर्ट ट्रम्पलरनं चूक पकडली. तेजावरून अंतर काढलं की दूरचे तारकागुच्छ जवळच्यांपेक्षा आकारानं मोठे ठरत होते. ते मुद्दाम मोठे कशाला असतील? प्रकाश वाटेत अडत होता, म्हणून अंतरच जास्त धरलं जात होतं.

आता कणांचं माप. कण तरंगलांबीहून बराच मोठा असेल, तर सगळे रंग सारखेच अडतात. इथे तांबड्यापेक्षा निळा जास्त अडतो, अतिनील त्याहून जास्त. म्हणजे कण फार बारीक. १९७७ मध्ये मॅथिस, रम्पल आणि नॉर्डसिक यांनी ग्रॅफाइट व सिलिकेटचे गोल कण धरून हा आलेख जुळवला: साधारण ५ ते २५० नॅनोमीटर. बारीक कण संख्येनं कितीतरी जास्त, वजन मात्र मोठ्यांत अधिक.

पण खरी धूळ गोल थोडीच असते? मुळशीहून चांदणी चौकातून पुण्यात उतरलं की विद्यापीठाच्या आवारात आयुका आहे. तिथले रंजन गुप्ता आणि अहमदाबादचे डी. बी. वैद्य यांनी सहकाऱ्यांसह २००१ मध्ये सिलिकेटच्या कणात ग्रॅफाइटचे तुकडे रुतलेले धरले, कण अनेक बिंदूंचा मानला आणि तो किती प्रकाश अडवेल हे संगणकावर काढलं. मला हे काम आवडतं, कारण ते धुळीला धुळीसारखं वागवतं. अडचण एवढीच की एकाच आलेखाला एकाहून जास्त मिश्रणं जुळतात.

हे फळ्यावर काढलं तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे आपण मधोमध नाही?"

नाही. केंद्र सुमारे २६,००० प्रकाशवर्षं दूर आहे, आणि मधल्या धुळीतून तिथला दृश्य प्रकाश साधारण लाख कोटींत एक भाग एवढाच इथे पोचतो.